डिस्चार्जनंतरचं कोण बघणार?

मा. संपादक,
जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला मी धावणारे, धाकट्या भावासाठी, त्याला एन्सेफलायटिस म्हणजे मेंदूला सूज आली होती. ४२ किलोमीटर झेपतील का बघू, पेडर रोडच्या चढाची तर आत्ताच धास्ती! सुरुवातीला तो काहीबाही बडबडायचा तर नातेवाईक म्हणे बाहेरचं आहे, दाखवून आणा. अहो, यातला एक ऑटोइम्यून प्रकार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते तो, २००७ मध्येच डॉक्टरांनी ओळखलाय, वेळेत स्टिरॉइड्स वगैरे मिळाले की बरेच पेशंट सुधारतात. पण डिस्चार्ज झाला की लोकांना वाटतं संपलं, खरं तिथूनच सुरू होतं, स्पीच थेरपी, फिजिओ, विसरणं, चिडचिड, मधेच फिट. हा खर्च आमच्या पॉलिसीत बसत नाही. चॅरिटीसाठी धावणाऱ्यांनी जमवलेले पैसे थोडे अशा रिहॅबकडेही वळवा ना.

— एक वाचक, ठाणे