सहलीतला एव्हबरीचा दिवस परस्पर कापल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : इंग्लंड सहलीत कबूल केलेला कार्यक्रम न पाळल्याबद्दल

महोदय,

सप्टेंबरमध्ये मी आणि माझे पती आपल्या कंपनीतर्फे आठ दिवस इंग्लंडला जाऊन आलो. ही तुमची ग्रुप टूर नव्हती. शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन काळी मोठमोठे दगड गोलाकार उभे करून केलेल्या रचना, बघायची म्हणून दिवसवार कार्यक्रम मी स्वतः आखून दिला होता. तो तुम्ही लेखी मान्य केलात आणि पूर्ण पैसे आगाऊ घेतलेत. त्यातल्या ज्या दोन गोष्टींसाठी मी हा सगळा खटाटोप केला, त्याच झाल्या नाहीत. तीनदा फोन केला, दोन ईमेल पाठवले. जे उत्तर आलं त्याने फार वाईट वाटलं, म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

शिळावर्तुळांची ओढ मला आहे, माझ्या पतींना नाही. तसं ते मोकळेपणाने सांगतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. सुट्टी दोघांची, म्हणून चार महिने आमची देवाणघेवाण चालली होती. स्कॉटलंडच्या लुईस बेटावरचं कॅलनिशचं शिळावर्तुळ मी सोडलं, कारण बोटीचा प्रवास त्यांना सोसत नाही. ऑर्कनी बेटांवरचं ब्रॉडगरचं वर्तुळही त्याच कारणाने गेलं. त्यांनी यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयासाठी अख्खा दिवस मागितला. १९३८ मध्ये ताशी १२६ मैलांचा विक्रम करणारं मॅलार्ड हे वाफेचं इंजिन तिथे आहे आणि ते त्यांना कधीपासून बघायचं होतं. तो दिवस मी आनंदाने दिला. माझ्या वाट्याला दोन दिवस आले : एक स्टोनहेंजचा, एक एव्हबरीचा.

पुढे एक गोष्ट घडली. माझे पती इंजिनिअर आहेत. स्टोनहेंजच्या उभ्या दगडांच्या माथ्यावर खुंटी कोरलेली आहे आणि वरच्या आडव्या दगडाला खालून तशीच खाच, अगदी लाकडी चौकटीच्या सांध्यासारखी. हे मी त्यांना चित्रात दाखवलं तेव्हा त्यांनी हातातला फोन बाजूला ठेवला. मग मधल्या ऑल्टर स्टोनचं वाचून दाखवलं. सुमारे सहा टनांचा तो दगड ईशान्य स्कॉटलंडमधून, म्हणजे निदान ७५० किलोमीटरांवरून आणलेला आहे, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आलं. ‘‘आणला कसा?’’ त्यांनी विचारलं. या विषयावर त्यांनी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही.

वर्तुळाच्या आत जायचा आग्रह मी धरला तो यासाठी. साध्या तिकिटावर दगडांपासून लांब, आखलेल्या वाटेनेच फिरावं लागतं. आत जायचं तर नेहमीच्या वेळेबाहेर, पहाटे किंवा संध्याकाळी, मोजक्या लोकांना सोडतात आणि त्याचं आरक्षण बरंच आधी करावं लागतं. यासाठी तुम्ही आमच्याकडून माणशी ९० पौंड वेगळे घेतलेत. आदल्या रात्री साडेनऊला मेसेज आला की आतला प्रवेश मिळाला नाही, सकाळी अकराची साधी तिकिटं काढली आहेत. परत आल्यावर तुमच्याच प्रतिनिधीने फोनवर कबूल केलं की अर्ज उशिरा गेला होता.

दुसऱ्या दिवशी माझे पती वाटेवर उभे राहून दुर्बिणीतून बघत होते. सर्वांत उंच दगडावरची खुंटी तेवढी आभाळाच्या कडेला दिसली. ऑल्टर स्टोन पडलेल्या दगडांखाली दबलेला आहे, तो तिथून नीट दिसत नाही. ‘‘नेमका कुठे आहे?’’ असं त्यांनी दोनदा विचारलं आणि मला नुसतं बोटाने तिकडे कुठेतरी दाखवावं लागलं.

एव्हबरीच्या बाबतीत झालं ते मला याहून गंभीर वाटतं. त्याच संध्याकाळी तुमच्या ऑफिसातून फोन आला, तो माझ्या पतींना. बुकिंग माझ्या नावावर, सगळा पत्रव्यवहार माझा, कार्यक्रम माझा. तरी त्यांनाच विचारलं, ‘‘सर, उद्याचं एव्हबरी थोडं कमी केलं तर चालेल ना?’’ थोडं म्हणजे किती ते सांगितलं नाही. ते चालेल म्हणाले. सकाळी ड्रायव्हरने सांगितलं की गाडी दुपारी दुसऱ्या ग्रुपसाठी हवी आहे आणि आपल्याकडे चाळीस मिनिटं आहेत.

जगातलं सर्वांत मोठं शिळावर्तुळ चाळीस मिनिटांत? त्याच्या पोटात गावाचा काही भाग वसलेला आहे. भोवतीच्या मातीच्या बांधावरून एक फेरी मारायची तरी सव्वा किलोमीटर चालावं लागतं. इथे दगडांना हात लावता येतो. माझ्या पतींनी एका दगडावर तळवा टेकवला. उन्हाची बाजू कोमट होती, सावलीची गार, आणि खालच्या खडबडीत कडेला मेंढीची लोकर अडकली होती. त्यांनी मला दोन्ही बाजूंना हात लावून बघायला सांगितलं. तेवढ्यात हॉर्न वाजला. वेस्ट केनेटची दगडांची वाट आणि सिल्बरी टेकडी गाडीच्या काचेतूनच गेली. माझे पती दिवसभर गप्प होते. आपल्या एका शब्दामुळे माझा दिवस गेला असं त्यांना वाटत होतं, अजूनही वाटतं. त्यांच्या मनाला ही टोचणी तुमच्यामुळे लागली.

यावर तुमचं लेखी उत्तर असं : एव्हबरीला प्रवेश शुल्क नाही, त्यामुळे परताव्याचा प्रश्न येत नाही, शिवाय सहप्रवाशांची संमती होती. प्रवेश फुकट आहे हे मला ठाऊक आहे. मी पैसे दिले होते दिवसभराच्या गाडीचे आणि माहितगार गाइडचे. त्यातली गाडी दुपारी दुसऱ्यांना दिलीत आणि गाइड आलाच नाही.

माझं म्हणणं असं. आतल्या प्रवेशाचे १८० पौंड पूर्ण परत करावेत. एव्हबरीच्या दिवसाचं गाडीचं आणि गाइडचं शुल्क परत करावं. आणि बुकिंग करणाऱ्याला न विचारता कार्यक्रम बदलला ही कंपनीची चूक होती, असं माझ्या पतींच्या नावाने लेखी कळवावं. हे तिसरं मला पहिल्या दोन्हींपेक्षा महत्त्वाचं आहे.

पुढच्या सहलीवर सवलतीचं कूपन देऊ केलं आहे, ते नको. एव्हबरीला आम्ही पुन्हा जाणार आहोत, असं माझे पतीच म्हणाले आहेत. आरक्षण या वेळी आम्हीच करू.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. मान्य झालेल्या कार्यक्रमाची प्रत, पावत्या आणि आदल्या रात्रीचा मेसेज सोबत जोडला आहे.

आपली,
एक ग्राहक