धाकट्याच्या नोकरीविषयी, आई-बाबांना

पणजी

ती. बाबा आणि ती. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

फेसबुकवर कंपनीबद्दल लिहिलं म्हणून धाकट्याला कामावरून काढलं, तेव्हापासून तुमच्या जिवाला घोर लागलाय हे मला ठाऊक आहे. बाबा, आमदारांकरवी मॅनेजरकडे शब्द टाकायचं तुमच्या मनात आहे. कृपा करून टाकू नका. अशा रदबदलीत 'माफीनामा लिहून दे, मग बघू' असं सांगतात, आणि तोच कागद पुढे न्यायालयात कबुली म्हणून येतो. दुसरी गळ राजीनाम्याची असते: 'राजीनामा दे, अनुभवाचा दाखला चांगला देतो.' एकदा तो दिला की कंपनीने काढलं हा मुद्दाच बाजूला पडतो आणि जबरदस्ती झाली हे सिद्ध करायचं ओझं आपल्यावर येतं. घरी कागद आला तर 'मिळाला' एवढंच लिहून तारीख घालावी. 'मान्य' हा शब्द कुठेही नको.

आई, पोस्ट पुसून टाकायला त्याला सांगू नकोस. कंपनीकडे स्क्रीनशॉट असणारच. त्यात मागच्यापुढच्या ओळी कापल्या असतील तर ते दाखवायला मूळ पोस्ट हवी. आधी तारीख, प्रतिक्रिया आणि पोस्टची लिंक दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत, फेसबुकच्या सेटिंगमधून स्वतःची सगळी माहिती उतरवून घ्यावी आणि मग पोस्ट फक्त त्यालाच दिसेल अशी करून ठेवावी. न्यायालयात असा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा अ भाग पुरावा देणाऱ्याने आणि ब भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. म्हणून तो फोन विकू नये, रीसेट करू नये.

बाबा, घटनेने बोलायचं स्वातंत्र्य दिलंय हे तुमचं म्हणणं खरं, पण कलम १९ मुख्यतः सरकारविरुद्धचं संरक्षण आहे. खासगी कंपनीपुढे ते सहसा थेट चालत नाही. शिवाय गोवा ज्याच्या अखत्यारीत येतो त्या मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये फेसबुकवर कंपनीविरुद्ध लिहिणाऱ्या एका कारखाना कामगाराची बडतर्फी कायम केली. तेव्हा हमखास जिंकू असं मी म्हणणार नाही. मात्र तिथे आरोपपत्र देऊन चौकशी झाली होती. धाकट्याला काढल्याच्या पत्रात 'विश्वास उडाला' याखेरीज काही नाही. कुठल्या वाक्यावर आक्षेप आहे ते सांगायला हवं होतं, खुलाशाला मुदत द्यायला हवी होती, साक्षीदारांची उलटतपासणी करू द्यायला हवी होती. आपली बाजू इथे भक्कम आहे.

पोस्टमधलं वाक्य न् वाक्य वेगळं तोलावं लागेल. 'ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळाला नाही' हे वेतनचिठ्ठी आणि पंचिंगच्या नोंदींनी दाखवता येतं. शेवटच्या ओळीत मॅनेजरला चोर म्हटलंय, ते मात्र अंगाशी येऊ शकतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली अब्रुनुकसानीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद आहे. आता त्याने, किंवा त्याच्या मित्रांनीही, नवीन काही लिहू नये. कारखान्याच्या आतले फोटो तर मुळीच टाकू नयेत. गोपनीयतेचा भंग हा आणखी एक आरोप कंपनीला आयता मिळेल.

पीएफचं पासबुक आणि ईएसआयसी कार्ड उघडून मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. आपल्या औद्योगिक वसाहतींत पुष्कळ पोरं कंत्राटदाराच्या नावावर असतात. तसं असेल तर काढल्याविरुद्धच्या अर्जात कंत्राटदार आणि कंपनी दोघांनाही घालायचं. अर्ज पाटो इथल्या श्रमशक्ती भवनात, कामगार आयुक्तांकडे. जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. समेटाच्या कारवाईला, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यापुढे तडजोडीच्या प्रयत्नाला, वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांची मर्यादा आहे, पण उशीर झाला की काढल्यापासूनच्या बुडालेल्या पगाराचा दावा लुळा पडतो. त्याच्या हुद्द्यात 'ऑफिसर' आहे, म्हणून तो कायद्याने कामगार ठरणार नाही असं समजून घाबरू नका, प्रत्यक्ष काम काय करायचा ते पाहिलं जातं. वकिलाच्या फीची काळजी करू नका. औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

राहिलेला पगार काढल्यापासून दोन कामाच्या दिवसांत द्यायला हवा होता, तो लेखी मागायचा. नोकरीला सहा वर्षं झाली म्हणजे ग्रॅच्युइटीही लागू: शेवटचं वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले ६. वेतन २०,००० धरलं तर साधारण ६९,२३० रुपये होतात. मालमत्तेचं नुकसान, दंगामस्ती, मारामारी किंवा कामावर असताना नैतिक अधःपतनाचा गुन्हा अशा कारणांशिवाय ती अडवता येत नाही.

मधल्या काळात त्याने मिळेल ते काम करावं, पण कमाई वहीत मांडून ठेवावी. न्यायालय ती विचारतं, आणि लपवली तर सगळ्याच बोलण्यावरचा विश्वास जातो.

शनिवारी त्याला कागद घेऊन माझ्याकडे पाठवा. नेमणूकपत्र आणि काढल्याचं पत्र मूळ हवं, काढल्याचं पत्र आलं तो लिफाफाही. शिक्क्यावरची तारीख लागेल.

तुमची,
लेक