परदेशी कोर्टाच्या कागदाला उत्तर देण्याआधी

महोदय,

परदेशी न्यायालयांच्या निकालांवरचा कालचा लेख वाचला आणि रात्रभर झोप लागली नाही. ज्या देशांच्या कोर्टांचे हुकूमनामे आपल्याकडे थेट अमलात आणता येतात, त्या यादीत अमेरिका नाही, तेव्हा तिथल्या कोर्टाचे कागद आले तरी खुशाल बाजूला ठेवा, असा सल्ला लेखकाने दिला आहे. त्यांच्या घरी असे कागद कधी आले नसावेत. माझ्या भाचीकडे आले होते.

लग्न इथे, हिंदू पद्धतीने झालेले. नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडले आणि तिकडे घटस्फोटाचा अर्ज केला. कागद कुरिअरने आले. आम्ही ज्या वकिलांकडे गेलो त्यांनी एकेक आरोप खोडून काढणारे चार पानी उत्तर पाठवले. ‘आपले अधिकारक्षेत्र आम्हाला मान्य नाही’ एवढी एक ओळ मात्र त्यात नव्हती. संबंध पुन्हा जुळणार नाहीत इतके बिघडलेत, या कारणावर तिकडे घटस्फोट मंजूर झाला. हे कारण आपल्या हिंदू विवाह कायद्यात नाहीच. पुढे भाचीने इथे पोटगी मागितली, तेव्हा समोरच्या वकिलांनी तीच चार पाने काढली. बाईंनी उत्तर दिले, म्हणजे त्या कोर्टाचा अधिकार मान्य केला, असे त्यांचे म्हणणे. त्या एका मुद्द्यावर साडेचार वर्षे गेली!

शेवटी वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी या नवरा-बायकोच्या खटल्यातला 1991 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कामी आला. ज्या कायद्याखाली लग्न झाले, अधिकारक्षेत्रही त्याचेच आणि घटस्फोटाची कारणेही त्याचीच. याला अपवाद आहेत. पण नुसते उत्तर धाडले म्हणजे बायको त्या कोर्टाला शरण गेली असे होत नाही. तिने स्वखुशीने, खऱ्या अर्थाने तिथे लढायला हवे. परक्या देशात लढणे तिला झेपत नसेल, तर प्रवासाचा, राहण्याचा आणि खटल्याचा खर्च अर्जदाराला द्यायला लावावा, असेही त्यात म्हटले आहे. भाचीला विमानाचे तिकीट कोणी दिले होते?

हा निकाल तुमच्या लेखात नाही. आणि ती ‘यादी’ आहे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ ची, म्हणजे मुख्यतः पैशांच्या हुकूमनाम्यांची. ब्रिटन, सिंगापूर त्यात आहेत, जानेवारी 2020 पासून संयुक्त अरब अमिरातीही. यादीबाहेरच्या देशाच्या निकालाची इथे थेट अंमलबजावणी मागता येत नाही, पण त्याच निकालावर तीन वर्षांच्या आत दावा लावता येतो. तेव्हा परदेशी निकाल का मानू नये यासाठीच्या, त्याच संहितेच्या कलम 13 मधल्या हरकती तुम्हाला घ्याव्या लागतात. निकाल एकतर्फी आहे एवढे सांगून भागत नाही. तिथल्या कोर्टाने पुरावा तपासून तो दिला असेल, तर ‘गुणदोषांवर निकाल नाही’ ही हरकत टिकत नाही. शिवाय तुमचे बँक खाते किंवा घर त्याच देशात असेल, तर इथला कायदा तिथे काय वाचवणार? कागद बाजूला ठेवा म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

कुरिअरबद्दलही लेखात अवाक्षर नाही. परदेशात समन्स कसे बजावायचे हे ठरवणाऱ्या, 2007 पासून आपल्याला लागू असलेल्या हेग या आंतरराष्ट्रीय करारात भारताने टपालाने समन्स बजावण्याला हरकत नोंदवली आहे. समन्स कायदा मंत्रालयामार्फत यायला हवे. आमच्या वकिलांनी हा मुद्दाही सोडून दिला.

जाता जाता आणखी एक. शेवटच्या पानावर तुम्ही जाहीर नोटिसा इतक्या बारीक अक्षरात छापता की भिंग घेऊनही त्या मला वाचता येत नाहीत. त्यांत कोणाच्या तरी मुलीचे नाव असते आणि हजर राहण्याची तारीखही असते. कृपया तो टाइप मोठा करा.

आपला,
एक जुना वर्गणीदार
(भाचीला त्रास नको म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)