टाकीला उपाशी ठेवा

वाखेनिंगेन, नेदरलँड्स
रविवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सोसायटीच्या बायोगॅस टाकीबद्दलचे तुमचे व्हॉइस मेसेज ऐकले. फोनवर सांगत बसले असते तर तुम्ही मध्येच जिन्यातल्या कुणाला तरी हाक मारली असती, म्हणून लिहूनच पाठवतेय. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावलंत तरी हरकत नाही, फक्त पावडरवाल्याबद्दल लिहिलंय तेवढं कापा.

"ड्रम वर येतोय, पण शेगडी पेटत नाही" म्हणालात, तिथेच निदान झालं. टाकीवरचा ड्रम उचलला जातोय म्हणजे गॅस तयार होतोय, पण त्यात कार्बन डायऑक्साइड फार आणि मिथेन, म्हणजे जळणारा गॅस, कमी. नीट चालणाऱ्या टाकीच्या गॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. तो निम्म्याच्या बराच खाली गेला की ज्योत धरत नाही. शिवाय खवट तुपासारखा वास येतो म्हणालात. महाप्रसादाचा उरलेला मसालेभात, शिरा, पुऱ्या, सगळं एका दिवसात आत गेलं ना? टाकी आंबली आहे बाबा.

आत काय चालतं ते सांगते. काही जिवाणू भातातला स्टार्च, डाळीतली प्रथिनं, तूप यांचे बारीक तुकडे करतात. काही त्या तुकड्यांपासून आम्लं, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड बनवतात. तिसरी टोळी त्या आम्लांचं अ‍ॅसेटिक आम्ल करते, म्हणजे व्हिनेगरमधलं तेच. मिथेन करणारे सगळ्यात शेवटी. त्यांच्यातले काही हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून मिथेन आणि पाणी करतात. काही अ‍ॅसेटिक आम्ल मोडून त्यातून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड काढतात. बहुतेक मिथेन या दुसऱ्या वाटेने येतो.

गोची अशी की ऑक्सिजनशिवाय जगायचं तर अन्नातून फार थोडी ऊर्जा हाती लागते. बरीचशी मिथेनमध्ये तशीच राहते, आणि आपल्या शेगडीवर जळते ती तीच. त्यामुळे मिथेनवाल्यांची वाढ अगदी सावकाश. आम्लवाले काही तासांत दुप्पट होतात, अ‍ॅसेटिक आम्लावर जगणाऱ्यांना त्यासाठी काही दिवस लागतात. पंगतीत वाढणारे पन्नास आणि पत्रावळी उचलणारे दोघंच असले की जे होतं, तेच टाकीत झालंय. आम्ल साचलं, हायड्रोजन साचला. हायड्रोजन साचला की तिसऱ्या टोळीचंही काम अडतं, कारण तो कुणीतरी लगेच उचलल्याशिवाय त्यांची रासायनिक क्रिया पुढेच सरकत नाही. मग आणखी आम्ल. पीएच म्हणजे आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त. तो साडेसहाच्या खाली गेला की मिथेनवाले जवळजवळ थांबतातच.

हे मिथेनवाले जिवाणूही नव्हेत. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांचा वेगळाच वंश दाखवून दिला, आता त्यांना आर्किया म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेत खोलीत अंधार करून, सूक्ष्मदर्शकाखाली योग्य रंगाचा प्रकाश टाकला की ते निळसर-हिरवे चमकतात. त्यांच्यातल्या एका सहविकराची (विकराला, म्हणजे एन्झाइमला, मदत करणाऱ्या रेणूची) ती चमक, वेगळा रंग लावावा लागत नाही. गढूळ काळ्या पाण्याच्या थेंबात नेमके तेवढेच उठून दिसतात. मला अजून त्याचं कौतुक वाटतं.

आता उपाय. टाकीत काही टाकणं पूर्ण बंद. खरकटं नाही, निर्माल्य तर नाहीच. पीएचची पट्टी आणा. खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून थोडा थोडा घाला आणि दर वेळी ढवळून पट्टी बघा. सातच्या आसपास आला की थांबा. चुना घालायचा आग्रह कुणी धरला तर नको म्हणा, त्याचा अंदाज चटकन चुकतो. मग तबेल्यातलं ताजं शेण पाण्यात कालवून ओता. गाईच्या पोटातच ही मंडळी राहतात, म्हणून तो विकणारा सांगतो ती महागडी "कल्चर पावडर" घेऊ नका. शेणाला पर्याय नाही, आणि पावडर टाकली तरी टाकीतलं आम्ल कुठे जाणार?

ज्योत निळी आणि स्थिर झाली की बादलीभर नव्हे, डबाभर खरकट्यापासून सुरुवात करा. संत्र्या-लिंबाच्या साली वगळा, त्यातलं तेल यांना मानवत नाही. काही आठवडे जातील. ठाण्याच्या हवेत निदान टाकी गरम तरी करावी लागत नाही, इथे हिवाळ्यात त्यावरच खर्च होतो.

आईने विचारलं, चेंदणी कोळीवाड्याकडून खाडीचा चिखल आणून टाकला तर? नको. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं. त्यावर जगणारे जिवाणू हायड्रोजन आणि अ‍ॅसेटिक आम्ल मिथेनवाल्यांच्या आधी पळवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. ओहोटीला कोपरीच्या बाजूला येतो तो सडक्या अंड्याचा वास त्याचाच. बर्नर गंजेल ते वेगळंच.

आणि एक गोष्ट रागावून सांगतेय. झाकण उघडून कुणीही आत डोकावायचं नाही, उतरायचं तर मुळीच नाही. तुम्हीही नाही, सफाईवालाही नाही. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की नाकाला वास कळेनासा होतो आणि माणूस तिथेच कोसळतो. मिथेनला तर वासच नसतो. जवळ विडी-सिगारेट, काडेपेटी नको. कमिटीत कुणी "एकदा आत जाऊन बघू" म्हणालं तर ठराव करून बंदी घाला.

कुणी हे नवं खूळ म्हणत असेल तर त्यांना माटुंग्याचं सांगा. तिथल्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८९७ मध्ये मैल्याच्या टाक्यांतला गॅस जमवून त्यावर इंजिन चालवल्याची नोंद आहे.

पीएच किती निघाला तो आकडा पट्टीच्या फोटोसकट पाठवा, नुसतं "बरा आहे" नको. आईला सा. नमस्कार. तिच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का ते तुम्ही दोघंही टाळताय, तेही लिहा.

तुमची,
मनू