कॉलेज उघडा, पण आजारी मुलाला झोपायला जागा ठेवा

नाशिक, 29 जानेवारी 2022

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोरोनामुळे बंद असलेली कॉलेजं आणि विद्यापीठं 1 फेब्रुवारीपासून पुन्हा प्रत्यक्ष सुरू करायचा निर्णय झाला, ही बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला. गंगापूर रोडच्या मागे एका गल्लीत मी 19 वर्षं मेस चालवते. मुलं असली की आमची गल्ली रात्री अकरापर्यंत जागी असते. नसली की झेरॉक्सवाला दुपारीच शटर ओढतो आणि कोपऱ्यावरच्या टपरीत दूध नासतं. मार्च 2020 मध्ये दोन दिवसांत माझी 42 मुलं गावी गेली. कुणाची गादी राहिली, कुणाची सायकल, एकाची तर परीक्षेची चप्पल म्हणून जपून ठेवलेली नवी चप्पल. आमचे हाल झाले, पण त्यांचे जास्त झाले. पेठ-सुरगाण्याकडची मुलं रेंज मिळवायला टेकडीवर जाऊन बसायची आणि तिथून मला फोन करायची, "काकू, कधी सुरू होणार?" तेव्हा कॉलेजं बंदच ठेवा असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. मला सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि ते मी माझ्या स्वयंपाकघरात पाहिलेलं आहे.

गेल्या वर्षी 15 फेब्रुवारीपासून निम्म्या क्षमतेनं कॉलेजं सुरू करायला शासनानं परवानगी दिली, तेव्हा माझ्याकडे 14 मुलं परत आली. त्यात सुरगाणा तालुक्यातला एक, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा. पाचव्या-सहाव्या दिवशी रात्री जेवताना तो म्हणाला, "काकू, आज वरणाला फोडणी दिली नाही का?" लसणाची फोडणी मी नुकतीच ओतली होती. आतल्या खोलीत सासूबाईंना त्याचा ठसका लागला होता. बाकीची मुलं हसली. वास न येणं हे कोरोनाचं लक्षण, म्हणून मी ओगराळं हातात धरून तशीच उभी राहिले.

बाजूला घेऊन विचारलं. तीन दिवस कणकण होती. तापाची गोळी घेऊन तो रोज प्रॅक्टिकलला जात होता. सबमिशन तोंडावर आलं होतं, जर्नलवर सह्या व्हायच्या होत्या, आणि वर्षभर घरी बसल्यावर आता एक दिवसही बुडवायची त्याची हिंमत नव्हती. शिवाय खोलीच्या मालकांना कळलं तर बाहेर काढतील ही भीती. खोली कसली, कॉट बेसिसवर, म्हणजे एकेक खाट भाड्यानं घेऊन, चौघं, आणि आठ जणांत एक संडास-बाथरूम. मी रागावले, पण रागवायचं कुणावर? एकविसाव्या वर्षी आजारपण लपवावं असं त्या पोराला वाटलं, कारण आजारी पडायला त्याला जागाच नव्हती.

मग फोनाफोनी. कॉलेजातून उत्तर आलं की मुलगा वसतिगृहातला नाही, तेव्हा त्याची व्यवस्था आमच्याकडे येत नाही. घरमालकांच्या घरी दोन वर्षांची नात, ते म्हणाले इथे नको. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. मुलगा म्हणाला, सकाळच्या एसटीनं गावी जातो. म्हणजे अडीच-तीन तास भरल्या गाडीत बसायचं आणि उतरायचं कुठे, तर एका खोलीच्या घरात, जिथे आजी-आजोबा आहेत. शेवटी गच्चीवरच्या खोलीतल्या कांद्याच्या गोण्या आणि मोठी पातेली रातोरात खाली आणली आणि त्याला तिथे झोपवलं. 14 दिवस त्याचं ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवत होते. पोरगं बरं झालं.

पण तोवर सहा दिवस तो सगळ्यांबरोबर पंगतीला बसला होता. पुढच्या आठवड्यात माझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंना ताप आला, मग त्यांच्या मिस्टरांना. ते मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांना 11 दिवस ऑक्सिजन लागला. आजही दुसऱ्या गोणीला त्यांना दम लागतो. हे त्या मुलामुळे झालं असं मी म्हणणार नाही. ताई आणखी दोन घरी काम करत होत्या, यार्डात तर रोज शेकडो माणसं. कुणाकडून कुणाकडे गेलं, हे आमच्या गल्लीत कुणी शोधलं नाही आणि शोधणारही नव्हतं. पुढे एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत या शहरानं जे पाहिलं, ते नाशिककरांना मी नव्यानं काय सांगू!

माझी मुलगी फार्मसीला आहे. तिनं मला अमेरिकेतल्या गोष्टी वाचून दाखवल्या, त्या ऐकून मी थक्क झाले. कॉलेजं उघडल्यावर आजूबाजूच्या वस्तीत आजार किती पसरतो, हे तिथे त्यांनी मोजलं होतं. ऑगस्ट 2020 मध्ये तिथली कॉलेजं उघडली. नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिलमधल्या विद्यापीठाला तर एका आठवड्यात पदवीचे वर्ग पुन्हा ऑनलाइन करावे लागले. त्यांच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं मोठी विद्यापीठं असलेल्या काउंट्यांचा, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या भागांचा, अभ्यास केला. जिथे वर्ग प्रत्यक्ष सुरू झाले अशा 79 काउंट्यांत नव्या रुग्णांचं प्रमाण तीन आठवड्यांत सरासरी 56 टक्क्यांनी वाढलं. जिथे शिक्षण ऑनलाइन राहिलं अशा 22 काउंट्यांत ते जवळजवळ 18 टक्क्यांनी घटलं. हे आकडे विद्यापीठाच्या आतले नाहीत, अख्ख्या काउंटीचे आहेत. म्हणजे त्यात भाजीवालाही आला आणि वृद्धाश्रमातली आजीही. विस्कॉन्सिन राज्यातल्या ला क्रॉस इथे तर संशोधकांनी विषाणूची जनुकीय रचना तपासली. विद्यार्थ्यांमध्ये पसरलेला प्रकारच पुढे तिथल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहांत सापडला, आणि तिथले दोघं त्यात दगावले.

तेव्हा लस नव्हती, आता आहे. आताच्या लाटेत रुग्णांना तसा ऑक्सिजनही कमी लागतोय. वर्गात बसायला दोन डोसची अट घातली, तेही योग्यच. पण अट मुलांसाठी आहे आणि मुलं जेवतात आमच्याकडे. माझ्या सासूबाई 81 वर्षांच्या, मधुमेह आहे. पहिला डोस मार्चअखेर मिळाला, मग लस मिळेना, मग दोन डोसांतलं अंतर वाढलं आणि दुसरा गेला जूनच्या शेवटी. बूस्टरला नऊ महिने व्हावे लागतात, म्हणजे त्यांची पाळी मार्च संपता संपता. अकरावी-बारावीच्या मुलांना तर पहिला डोसच या 3 जानेवारीपासून मिळायला लागला. त्यात एसटीचा संप. सुरगाणा, पेठ, हरसूलकडची पोरं काळी-पिवळीत गुडघ्याला गुडघा लावून येतात. एक जण खोकला तर बारा जणांच्या अंगावर. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही, पण या मुलांना दुसरी गाडीच नाही, हे कॉलेज सुरू करायची तारीख ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं होतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर 2020 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लक्षणं असलेल्यांसाठी विलगीकरणाची सोय आवारात करा किंवा बाहेर आधी ठरवून ठेवा, असं आहे. म्हणजे विचार झालेला आहे. फक्त माझ्याकडे जेवणारी बहुतेक मुलं वसतिगृहात राहत नाहीत. ती कॉट बेसिसवर राहतात, आणि त्यांची मोजदाद कुठेच नाही. गंगापूर रोड, कॉलेज रोड, आडगावपर्यंत अशी किती मुलं खोल्या घेऊन राहतात, हा आकडा ना कॉलेजाकडे, ना महापालिकेकडे. प्रवेशाच्या अर्जावर स्थानिक पत्ता लिहून घेतात. तेवढाच कागद प्रभागाच्या आरोग्य केंद्राकडे पाठवला तरी कोणत्या गल्लीत किती मुलं हे त्यांना कळेल.

माझी खरी मागणी त्याहून साधी आहे. प्रत्येक कॉलेजानं, मग मूल वसतिगृहातलं असो की बाहेरचं, चार-सहा खाटांची एक जागा ठेवावी. ताप आला की तिथे जाऊन झोपायचं, कुणी काही विचारणार नाही. डबा आम्ही देऊ. या परिसरातल्या मेसवाल्या आम्ही सगळ्या एकमेकींना ओळखतो, पाळी लावून घेऊ. आणि ताप आलेल्या मुलाची हजेरी, सबमिशन, तोंडी परीक्षा यांतलं काहीही बुडणार नाही, हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून टाकावं. याला पैसा लागत नाही, प्राचार्यांची एक सही लागते. ती सही नसली तर मुलं लपवणार. माझा असता तर माझ्याही मुलानं लपवलं असतं.

आपल्या शहरात म्हसरूळला राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट घडवणाऱ्या राज्यभरच्या कॉलेजांचा कारभार तिथून चालतो. कॉलेजं उघडताना आजूबाजूच्या वस्तीनं काय करावं, मेसमध्ये पंगत कशी बसवावी, खिडक्या कुठल्या उघड्या ठेवाव्यात, घरात म्हातारं माणूस असेल तर काय, हे मराठीत एका पानावर त्यांच्याइतकं चांगलं कोण सांगू शकेल? आम्ही ते दारावर चिकटवू. गेल्या वर्षी माझी सगळी माहिती व्हॉट्सॲपवरून आलेली होती, आणि त्यातली निम्मी काढ्याची होती.

मंगळवारपासून 23 मुलं येतो म्हणालीत. त्यातल्या दोघांनी आधीच विचारलं, मटकीची उसळ कोणत्या वारी असते. पंगत यंदा दोनदा बसवणार आहे, सासूबाईंचं ताट आतल्या खोलीत. गच्चीवरची खोली काल पुन्हा रिकामी केली, खाटेवर धुतलेली चादर घातली आणि पाण्याचा माठ भरून ठेवला. आमच्या एका गल्लीत कॉट बेसिसची मुलं 100 च्या वर होतील. त्या खोलीत खाट एकच मावते.

आपली,
एक मेसचालक
गंगापूर रोड परिसर, नाशिक