धोट्याला तोंड कोणी लावायचं?

संपादक महोदय, स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ऐतिहासिक कथा आणि क्रांती या विषयावरचा लेख वाचला. आजचे कथाकार पुन्हा वर्गसंघर्षाकडे वळताहेत, असं लेखकाचं म्हणणं. वळत असतील. पण लालबागमध्ये जन्म गेलेल्या मला अशा कथा वाचताना गिरणीच्या गेटवरूनच परत पाठवल्यासारखं वाटतं.

१९०८चा संप घ्या. २२ जुलैला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि वर्षाला एक दिवस या हिशेबाने कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. कथेत काय होतं? वकिली शिकणारा एक तरुण येतो, पिंपावर चढून शुद्ध मराठीत भाषण ठोकतो आणि कामगार घोषणा देत बाहेर पडतात. सहा दिवसांचा खाडा, वाण्याची उधारी, गावाला न गेलेली मनिऑर्डर, कामगार भरती करणारा जॉबर म्हणजे मुकादम परत कामावर घेईल का ही धास्ती, यातलं काही पानावर येत नाही. गोळीबारात माणसं मेली, तीही कथेत ‘जमाव’ म्हणूनच मरतात. नायकाच्या मात्र खांद्याला गोळी चाटून जाते!

पण मला खरं खटकतं ते वेगळंच. हे कामगार सगळे एकाच पंगतीला बसल्यासारखे रंगवलेले असतात. माझे आजोबा साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. मागावर आडवा दोरा इकडून तिकडे नेणारा त्यांचा एक धोटा आमच्या माळ्यावर आहे. दोन्ही टोकांना लोखंड, तेल पिऊन काळं पडलेलं लाकूड, बाजूला बारीकसं भोक. आतली दोऱ्याची कांडी संपली की नवी बसवायची आणि भोकाला ओठ लावून दोरा ओढून घ्यायचा. लहानपणी मी करून पाहिलं होतं, दिवसभर जिभेवर तेलाची चव राहिली. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून दलितांना विणकाम खात्यात शिरू देत नसत. पगार तिथेच बरा मिळायचा. आणि आडवा यायचा तो मालक नव्हे, शेजारच्या साच्यावरचा माणूस.

१९२८चा संप सहा महिने चालला, दीड लाखाच्या घरात माणसं त्यात होती. त्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न युनियनपुढे लावून धरला. आजोबा त्या संपाच्या गोष्टी तासन्‌तास सांगायचे. ‘तुमच्या खात्यात दलित किती होते?’ असं विचारलं, की त्यांना नेमकी चहाची तल्लफ यायची. आजी मुकाट्याने स्टोव्ह पेटवायची. कथाकाराने आपली खुर्ची तिथे टाकावी, त्या स्टोव्हशेजारी.

१९४६च्या नाविकांच्या बंडाचंही तेच. मुंबईतल्या ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर ठिणगी पडली ती निकृष्ट जेवणावरून आणि अधिकाऱ्यांच्या शिव्यांवरून. आमच्या कथांतले खलाशी मात्र पहिल्या ओळीपासून स्वातंत्र्यावर बोलतात.

आपल्या दिवाळी अंकासाठी ऐतिहासिक कथा मागवल्याची चौकट त्याच पानावर होती. यंदा त्या वकिलीच्या विद्यार्थ्याला रजा द्यावी, एवढी विनंती. कुणाला धोटा बघायचा असेल तर अवश्य यावं. माळ्यावरून काढून, पुसून ठेवते.

एक वाचक, लालबाग, मुंबई