सॉफ्टवेअर आणता तर ते सांभाळणाऱ्याला वेळ पण द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कुठलंही मोठं सरकारी सॉफ्टवेअर यायचं असलं की पेपरात दोनच गोष्टी येतात, किती कोटींचं आणि कधी सुरू होणार. पण ते सांभाळणार कोण आणि त्या माणसाला त्यासाठी दिवसातले किती तास मोकळे दिलेत हे कोणी विचारतच नाही. मी इंदूरला एका सरकारी ऑफिसच्या लेखा शाखेत होतो, आता रिटायर आहे, हे सगळं जवळून पाहिलंय म्हणून लिहितोय.

होतं काय, नोडल अधिकारी म्हणून, म्हणजे सॉफ्टवेअरचं काम बघायला, ज्याचं नाव ऑर्डरमधे निघतं त्याच्याकडे आधीच दोन दोन टेबलांचा प्रभार असतो, त्यात मार्च जवळ आला की बिलं, ऑडिट, विधानसभेच्या प्रश्नांची उत्तरं, वरून सीएम हेल्पलाइनच्या तक्रारी, आणि याच माणसानं कंपनीच्या मुलांबरोबर बसून एकेक स्क्रीन तपासायची, नियम समजवायचे, जुना डेटा बरोबर चढला का बघायचं, शिवाय कंपनीचं बिल पास करायचं की नाही तेही ठरवायचं. हे संध्याकाळी सहानंतर होतं, नाहीतर होतच नाही. आमच्याकडे टेस्टिंगच्या कागदांवर सह्या झाल्या त्या तारीख आली म्हणून, तपासून झालं म्हणून नाही. मग नाव एकाचं, रक्कम दुसऱ्याची असा घोळ निस्तरायला तीच माणसं रविवारी पण बसली. नुसतं कंपनीला बोलून काय होणार, आपले नियम कंपनीला माहीत नसतात, ते टेबलावरच्या बाबूलाच माहीत असतात, आणि त्यालाच वेळ नाही!

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. कॅनडा सरकारनं फेब्रुवारी 2016 मधे पगाराची फिनिक्स नावाची सिस्टिम सुरू केली, वर्षाला 7 कोटी डॉलर वाचतील म्हणून पगाराचं काम जाणणारी 1200 च्या आसपास पदं आधीच काढली आणि एका गावात साधारण 550 नवीन माणसं बसवली. बजेटमधे बसावं म्हणून सॉफ्टवेअरमधली काही कामं वगळली, पायलट, म्हणजे आधी थोड्या जागी चालवून बघणं, तो पण रद्द केला. हजारो कर्मचाऱ्यांना पगार कमी मिळाला, कोणाला जास्त, कोणाला मिळालाच नाही. 2018 मधे त्यांच्या महालेखापरीक्षकांनी याला समजण्यापलीकडचं अपयश म्हटलं.

आणि आपल्याच देशात पासपोर्टचं काम बघा. 2010 मधे आधी बेंगळुरू आणि चंदीगडकडे पायलट केला, मग देशभर नेलं. पासपोर्ट केंद्रात ए काउंटरवर कंपनीची माणसं, पण बी आणि सी म्हणजे कागद तपासणं आणि मंजुरी देणं सरकारी माणसांकडेच, आणि तिथे बसल्यावर त्यांचं तेच काम. मला तर वाटतं पासपोर्ट आता लवकर मिळतो त्याचं अर्धं श्रेय या गोष्टीला आहे.

म्हणून म्हणणं एवढंच की टेंडरमधे जसा सर्व्हरचा खर्च लिहिता तसे आपल्या माणसांचे तास पण लिहा, ज्याला प्रोजेक्ट देता त्याचं जुनं टेबल लेखी ऑर्डरनं दुसऱ्याला द्या, आणि त्यानं "अजून तयार नाही" असं लिहून दिलं तर तारीख पुढे सरकली पाहिजे, त्याची बदली नाही व्हायला पाहिजे.

आता तर जनगणना पहिल्यांदाच मोबाइल ॲपवर होतेय. घरोघर जाणारे बहुतेक आपले शिक्षकच असणार, आणि माणसं मोजायचं काम आहे फेब्रुवारी 2027 मधे, म्हणजे एरवी एमपी बोर्डाच्या परीक्षा असतात त्याच दिवसांत. ट्रेनिंग, ॲप अडकलं की सुपरवायझरला फोन, घर बंद असलं की परत चक्कर, हे सगळं शाळा सुटल्यावर करा म्हणून चालणार नाही. जिल्हा प्रशासनाला विनंती आहे की कोणत्या शिक्षकाला किती दिवस शाळेतून मोकळं करणार आणि त्याच्या जागी परीक्षेची ड्यूटी कोण करणार हे आत्ताच ठरवून ऑर्डरमधे लिहावं.

आपला,
एक निवृत्त लेखा कर्मचारी, इंदूर